मिलिंदचा रोवणा

मिलिंद, परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक इतकं चांगलं बोलले, की मला शंकाच आली, हे नक्की तुझ्याबद्दल बोलतायत ना. शांत स्वभावाचा म्हणे. कुणाला उलटून बोलला नाही म्हणे. अरे बाप्पा! मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि तू असतास तर खाली मान घालून कसा हसला असतास ते मला दिसत होतं. माइक माझ्यापर्यंत आला तेव्हा मी तो तसाच शेजारच्या गुरुजींकडे सरकवला. लोकांना वाटलं, संध्याताईला बोलवत नाही. बोलवत होतं रे. पण उभी राहिले असते तर सगळ्या वस्तीसमोर तुझ्याशी भांडले असते.

कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते मिटलं असं तुला वाटत असेल तर ते तुझं तुझ्यापाशी ठेव. आणि करडीकडे सोमवारी काय झालं, तेही तुला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते मी सांगणार, पण क्रमानं. मध्ये तोंड घालू नकोस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तशी सोय झाली आहे.

तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कापगते भाऊंचा फोन आला. करडीच्या पुढच्या त्या धान खरेदी केंद्राचे सचिव, तुझे लाडके. आधी ते रडले, खरंच रडले. मग घसा साफ करून म्हणाले, सोमवारपासून खरेदी सुरू होते आहे, कसणाऱ्याच्या नावाचं ते काम मिलिंदनं केलं होतं का. मला असा राग आला म्हणून सांगू! राख निवायची होती अजून. पण त्यांचं तरी काय चुकलं? चुरणा होऊन, मळणी आटपून लोकांच्या अंगणात धान पडला होता. तो कुणाच्या दुःखासाठी थांबतो होय. मी म्हटलं, होईल. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला आजही माहीत नाही.

काम एवढंच होतं. केंद्रावर पाळीचं टोकन निघतं ते सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या नावानं. आता मालक बसलाय नागपूरला नाहीतर रायपूरला, आणि शेती ठेक्यानं करतंय भलतंच माणूस. पोती त्याची, घाम त्याचा, आणि टोकनावर नाव मालकाचं. गेटवर त्याला कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर दाखवायला काही नाही. तू कबूल केलं होतंस की यंदा आपण त्या केंद्रासाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मालकाच्या शेजारी कसणाऱ्याचं नाव येईल, आणि टोकन निघेल ते कसणाऱ्याच्या नावानं. तू हे कुणा सरकारला कबूल केलं नव्हतंस. ठेक्यानं धान करणाऱ्या शेवंताबाईला केलं होतंस. सोमवारपर्यंत ते झालं नसतं तर ती बाई सलग दुसऱ्या वर्षी गेटच्या बाहेर उभी राहिली असती.

आता तू म्हणशील, मग त्यात काय, रोवणा चालव आणि मोकळी हो. तेच तर. रोवणा चालव म्हणे.

तुझ्या मायनं मला त्या आठवड्यात विचारलं, तो दिवसभर तिथं काय करत होता वो बाई. मी तिला सांगितलं ते असं. केंद्रावरचा बाबू स्क्रीनवर ज्या पानात शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती भरतो, त्या एका पानामागं ढीगभर फायली लिहाव्या लागतात. भरायचं पान, यादीचं पान, दुरुस्तीचं पान, माहिती साठवायचा तक्ता. एकसारखंच काम, पुन्हा पुन्हा. परदेशातल्या लोकांनी ते सोपं करायला सांगाडे तयार केले, आणि त्या सांगाड्यांबरोबर एक काळी खिडकी दिली. चित्र नाही, बटण नाही, नुसती अक्षरं. त्या खिडकीत एक ओळ लिहायची, की मला अमुक गोष्ट पाहिजे आणि तिच्यात हे हे रकाने पाहिजेत. एंटर मारला की सगळ्या फायली आपोआप लिहून तयार. तुझ्या मुलानं त्याच्यावर स्वतःचं एक यंत्र बसवलं आणि त्याला नाव दिलं रोवणा, धानाच्या लावणीचं. माय म्हणाली, म्हणजे त्याले चिखलात उतरता येत नव्हतं म्हणून तठी रोवत होता.

मला हे कधी सुचलं नव्हतं. सिकलसेलमुळं तुला गार पाण्यात उभं राहायची बंदी होती, पाय धरायचे, हे मला माहीत होतं. पण नाव तू नुसतं मस्करीत ठेवलंस असंच मी समजत होते.

मस्करी तर तू करायचासच. सुरुवातीला त्या परदेशी सांगाड्यानं आपल्या प्रत्येक शब्दाला इंग्रजी अनेकवचन लावलं होतं, आठवतं? शेतकरीचं शेतकरीज, गावचं गाव्ज. आपण हसून हसून लोळलो होतो. मग तू सहज तांदळाचा इंग्रजी शब्द टाकून पाहिलास, आणि त्याला काहीच लागलं नाही. ज्यांचं अनेकवचन होत नाही अशा शब्दांत त्यांनी तांदूळ आधीच घालून ठेवला होता. "पाह्य ताई," तू म्हणालास, "तांदूळ मोजता येत नाही हे त्याईलेही माहीत हाये." त्या दिवशी तू आपल्या ऑफिसखालच्या कृषी केंद्रातल्या सगळ्यांना वर बोलावून चहा पाजलास आणि का पाजला ते कुणालाच कळलं नाही.

मी शाळेतली डेटा एंट्री करणारी बाई. सानगडीहून लग्न होऊन पवनीला आलेली, दोन बोटांनी टाइप करणारी. तू मला शिकवलंस. कुणी आपल्या खोलीत येऊन "तुमच्या ऑपरेटरला सांगा" म्हणालं की तू म्हणायचास, ह्या ऑपरेटर नाहीत, भागीदार आहेत, आणि समोरच्यानं चुकून हसावं तर त्याचं काम घ्यायचंच नाही. खिडकीजवळची खुर्ची तू मला दिलीस आणि स्वतः त्या पत्र्याच्या कपाटाला टेकून बसायचास. मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्याकडे कोण म्हणतं? पण म्हणायला पाहिजे होतं, निदान एकदा, चिडवत का होईना.

त्याऐवजी मी भांडले. कारण तू शिकवलंस तेव्हा हातानं लिहायला शिकवलंस. एकेक ओळ समजून. मग तूच एक दिवस म्हणालास की आता हातानं लिहायचं नाही, रोवणा लिहील. आणि रोवण्यानं लिहिलेल्या फायलीला बोट लावायचं नाही. काही खास, वेगळं लिहायचं असलं तर ते बाजूच्या वेगळ्या कप्प्यात लिहायचं, त्याचं नावही तू ठेवलंस, हाताची जागा. म्हणजे रोवणा कितीदाही नव्यानं चालवला तरी आपलं हातचं काही जाणार नाही. मला ते पटलं नाही. समोर चूक दिसतेय तिथल्या तिथे ओळ दुरुस्त करायची सोडून त्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन कोण लिहीत बसेल? मी करायची ती दुरुस्ती जागच्या जागी. तू डोकं धरायचास. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचास मला, वयानं मोठ्या बाईला.

"हातानं लिवलेलं लिवणाऱ्यालेच समजते ताई," तू म्हणायचास. "उद्या मी नसन तं?"

हे वाक्य तू काढलंस की मी उठून बाहेर जायची. भाजी आणायची आहे म्हणायची. त्या विषयावर मी एकदाही तुझ्याशी धड बोलले नाही.

आता मागचा हंगाम. तो सोडून देता येत नाही, आणि देणारही नाही मी.

मी त्या दिवशी केंद्रावर होते, गोदामाच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन. आभाळ भरून आलं होतं. बेमोसमी पाऊस केव्हाही येईल अशी हवा, आणि गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर. लोक ताडपत्र्या ओढत होते, एकमेकांवर ओरडत होते. शेवंताबाईची ट्रॉली वजनकाट्याच्या जवळ आली होती. टोकन मालकाचं. मला तिची गोष्ट कळली, सचिवांनीही हो म्हटलं, म्हणून मी तिथल्या तिथे यादीच्या फायलीत हातानं तिचं नाव दिसेल अशी दुरुस्ती केली. दिसलं नाव. ती बाई स्क्रीनकडे बोट दाखवून शेजारणीला म्हणाली, ते माझं.

आणि तिकडे पवनीत तू त्याच वेळी रोवणा चालवलास. धानातल्या ओलाव्याचा रकाना पाहिजे म्हणून केंद्राच्या संस्थेनं सकाळी सांगितलं होतं, तेवढ्यासाठी. मला फोन केला नाहीस. रोवण्यानं सगळ्या फायली नव्यानं लिहिल्या आणि माझी दुरुस्ती पुसून टाकली. मी पान ताजं केलं तर यादी बदललेली, शेवंताबाई गायब, तिच्या जागी मालक. काट्यावरच्या माणसानं मालकाचं नाव पुकारलं. ती पुढे आली. तो म्हणाला, तुम्ही नाही. मी ओट्यावरून ओरडून सांगत होते, पण मागची माणसं खवळली होती, त्यांना वाटलं ओळखीनं नंबर लागून राहिला. तिची ट्रॉली बाजूला काढायला लावली. मी पुन्हा ती ओळ लिहीपर्यंत पाऊस आला. तिची ताडपत्री फाटकी होती.

मी तुला फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि फोन ठेवलास. माफी मागशील म्हणून मी कितीतरी दिवस वाट पाहिली. तू काही बोलला नाहीस. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी तू ऑफिसला आलाच नाहीस आणि मला वाटलं, रुसला, जाऊ दे खड्ड्यात. तू तिच्या घरी गेला होतास हे मला शेवंताबाईकडूनच कळलं, फार उशिरा. ओला धान अंगणात पसरून ती आणि तू दिवसभर पायानं उलटत बसला होतात. तुझे पाय धरतात हे तुला माहीत असून. तिथेच तू तिला शब्द दिलास, की पुढच्या वर्षी तुमचं नाव तुमच्याच नावानं येईल.

आणि मग एक दिवस मी रोवणा चालवायला गेले, तर काळ्या खिडकीत तो थांबला. आधी कधी थांबायचा नाही, आडमुठ्यासारखा सगळ्यावरून फिरायचा, अगदी तुझ्यासारखा. आता तो थांबून विचारत होता: अठी आधीच काहीतरी हाये. उपटू का?

मी तुझ्याकडे पाहिलं. तू कपाटाला टेकून काहीतरी वाचायचं सोंग करत होतास. तेव्हा कळलं मला, की माफी म्हणून जे काही तुझ्याकडून मिळणार होतं ते हेच. मी ‘नाही’ असं टाइप केलं आणि माझी फाइल वाचवली.

पण तूही काही धुतल्या तांदळाचा नव्हतास, सांगून ठेवते. हंगाम संपत आला तेव्हा कापगते भाऊंनी तुला सांगितलं होतं की जंगलातल्या रस्त्यानं परत जाणाऱ्या गाड्या ऊन कलायच्या आत काट्यावर घ्यायच्या, ही तिथली जुनी रीत आहे, लिहिलेली कुठे नाही पण मोडत कुणी नाही. तुझ्या प्रोग्रामात फक्त टोकनाचा नंबर होता. तू त्या गावांसाठी ती रीत लिहिलीस, आणि कुठे लिहिलीस? रोवण्याच्या फायलीत. हातानं. घाईत. मला दिसली तशी मी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालास, नंतर हलवतो. नंतर तुझं दुखणं वाढलं.

दवाखान्यात तू लॅपटॉप मागवलास तेव्हा मी नाही म्हणायला पाहिजे होतं की काय, हे मला ठरवता येत नाही. हाताला सलाइन आणि तू उशीवर लॅपटॉप ठेवून, रोवणा ज्यावरून फायली लिहितो तो साचा बदलत होतास, कसणाऱ्याचं नाव त्यात घालत. सिस्टर तुला रागावली, मग मला रागावली. "होत आलं," तू म्हणालास. तुला नागपूरला हलवलं त्या दुपारी तू मला शेवटचं काय सांगितलंस? बरं नाही, भीती वाटते, असं काही नाही. तू म्हणालास, "साचा झाला ताई, पण चालवून पाह्यला नाही."

हे असं सोडून गेलास तू मला.

रविवारी सकाळी मी ऑफिस उघडलं. सगळ्याची आधी कॉपी काढून ठेवली, हो, तेवढी अक्कल तूच दिली आहेस. मग दोन वाटा होत्या. एक माझी. कसणाऱ्याचं नाव मी हातानं सगळीकडे घालायचं, भरायच्या पानात, यादीत, टोकनात, पावतीत, शोधायच्या जागी. करता आलं असतं. पण एक जागा जरी सुटली तर टोकन पुन्हा मालकाच्या नावानं निघणार, आणि ते कळणार सोमवारी, गेटवर, शेवंताबाई पुढे आल्यावर. दुसरी वाट तुझी. रोवणा चालवला की सगळीकडे एका दमात बरोबर, नाहीतर सगळीकडे एका दमात चूक. न चालवून पाहिलेला साचा, तापात लिहिलेला.

तुझी माय आली तेवढ्यात. तुझा चार्जर घरी राहिला होता, तो पिशवीत घालून घेऊन आली होती. मी बसा म्हटलं तर ती तुझ्या जागी, कपाटाशी बसली. काय चाललं आहे ते तिनं विचारलं नाही. मी खिडकीत ओळ लिहिली. शेतकरी, मालक, कसणारा, गाव. एंटर मारला. पहिल्या काही फायली नवीन होत्या, सरसर झाल्या. मग यादीची फाइल आली आणि तो थांबला.

उपटू का?

तिथे तुझ्या त्या ओळी होत्या. जंगलातल्या गावांच्या. कॉपी होती रे, माहीत आहे मला, काही जगाच्या पाठीवरून जात नव्हतं. पण त्या सगळ्या कामात तुझ्या हाताच्या तेवढ्याच ओळी होत्या. बाकी सगळं यंत्रानं लिहिलेलं. त्यात तू घाईत अर्धवट मराठी, अर्धवट इंग्रजी लिहिलं होतंस, कंस एकीकडे, मोकळी जागा भलतीकडे, तुझं टेबल असायचं तसंच. नाही म्हटलं तर त्या राहत होत्या, पण यादीत कसणारा येत नव्हता. हो म्हटलं तर त्या चालत्या कामातून जात होत्या. माझं बोट उचलेना. कितीतरी वेळ मी तशीच बसले असेन, कारण मायनं विचारलं, काय झालं.

मी म्हटलं, मिलिंदनं एक प्रश्न घालून ठेवला आहे. आणि तिला वाचून दाखवला, तू बोलायचास तसाच.

माय स्क्रीनकडे पाहत राहिली. तिला अक्षरं फारशी येत नाहीत हे तुला माहीत आहे. "त्यानं इचारलं हाये तं उत्तर दे बाई," ती म्हणाली. "त्याले वाट पाहत ठेवू नको."

मी हो लिहिलं.

रोवणा पुढे गेला. टोकन, पावती, शोध, सगळीकडे विचारत गेला आणि मी हो म्हणत गेले, माझ्या स्वतःच्या दुरुस्त्यांनाही. शेवटी एका ठिकाणी लाल अक्षरं आली. साच्यात तू एक ओळ अर्धीच सोडली होतीस, बहुतेक सिस्टर आली असेल तेव्हा. ती मी पूर्ण केली. मग सगळं नव्यानं चालवलं, खोटी नावं भरून टोकन काढून पाहिलं, मालकाची, कसणाऱ्याची, उलटसुलट. माय तोवर तिथेच बसून होती. आणि सगळ्यात शेवटी जंगलातल्या गावांची रीत मी पुन्हा लिहिली. तुझ्या ओळी कॉपीतून उचलून डकवल्या नाहीत. नव्यानं लिहिली, समजून, आणि कुठे लिहिली माहीत आहे? त्या बाजूच्या कप्प्यात. हाताच्या जागेत. आता हस. दात काढ हवे तेवढे.

मी हरले मिलिंद. इतकी वर्षं भांडून, शेवटी तू म्हणत होतास ते तंतोतंत खरं निघालं. चाललं सगळं. तुझ्याशिवाय चाललं. आणि त्या क्षणी मला कळलं की मी एवढी वर्षं भांडले ती फायलींसाठी नव्हतेच भांडले. हातानं लिहिलेलं लिहिणाऱ्यालाच समजतं असं तू म्हणायचास ना? मला ते तसंच पाहिजे होतं. ज्याचं त्यालाच समजेल असं काम असलं तर ज्याचं तो राहील, त्याला जाता येणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या डोक्यात होतं. तू तिकडे आपल्यामागं चालेल असं यंत्र बनवत होतास आणि मी इकडे ते चालू नये म्हणून भांडत होते. तुला हे कळलं होतं का? कळलं असलं तर बोलला का नाहीस? काहून रे? भाजी आणायला गेले होते ती परत येत होतेच ना मी.

सोमवारी पहिल्या बसनं निघाले. पवनी ते करडी म्हणजे जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक, भंडाऱ्याला गाडी बदलून पोचेपर्यंत उन्हं चांगली वर आली होती. गेटवर ट्रॅक्टर लागलेच होते. कापगते भाऊ माझ्यासाठी खुर्ची पुसत होते. मी ओट्यावर बसले आणि खरं सांगते, देवाला न मानणारी तुमची वस्ती आणि देवाला मानणारं माझं माहेर, दोन्हीकडचं जे काही आठवेल ते मनातल्या मनात म्हणून झालं माझं.

टोकनं निघायला लागली. काट्यावरचा माणूस नावं पुकारत होता. मालकांची नावं नाहीत, पोती घेऊन आलेल्यांची. पहिल्यांदा आपलं नाव ऐकून एक जण मागेच वळून पाहायला लागला, दुसऱ्या कुणाला हाक मारली असं वाटून. लोक हसले. जंगलाकडच्या गाड्या ऊन कलायच्या आत काट्यावर लागल्या आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही.

शेवंताबाईचा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले होते. त्या माणसानं तिचं नाव घेतलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. ती जागची हलली नाही. मग त्यानं पुन्हा घेतलं. तेव्हा ती पुढे आली आणि टोकनाचा कागद त्याच्या हातात देण्याआधी उन्हात धरून पाहिला. पोती उतरली, वजन झालं, धान कोरडा ठणठणीत होता. मग ती ओट्याकडे आली. माझ्या मागं, आजूबाजूला तुला शोधत होती. तिच्या गावात तुझी बातमी पोचली नव्हती.

"तो मिलिंद नाही आला का आज?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही आला. एवढंच निघालं तोंडातून. तिला सांगायला पाहिजे होतं, पण तिच्या हातात ते टोकन होतं आणि चेहरा असा होता की मला ते त्या वेळी करवलं नाही. पुढच्या वेळी सांगीन.

"मंग त्याले सांगजो बाई," ती म्हणाली, "माझं नाव आलं म्हणून."

मी सांगते म्हटलं.

तर मिलिंद, शेवंताबाईचं नाव आलं.